आमचे मतदान केंद्र: एका जुन्या गिऱ्हाइकाचा अभिप्राय

आमच्या किनाऱ्यावर पर्यटक येतात, दोन दिवस राहतात आणि सोलकढी पातळ होती की दाट, सुरमई ताजी होती की बर्फातली, याचा सविस्तर अभिप्राय लिहून जातात. गावातील प्रत्येक सज्ञान माणूस ज्या सेवेचा लाभ घेतो, जिच्यासाठी मुंबईहून रात्रभर गाडीत बसून माणसे येतात, तिच्याबद्दल मात्र कोणी चार ओळी लिहिल्याचे मी पाहिलेले नाही. राजापूर तालुक्यातील किनाऱ्यालगतच्या आमच्या गावात, जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतल्या चौथीच्या वर्गात जे मतदान केंद्र भरते, त्याचा हा अभिप्राय आहे. १९८० च्या जानेवारीत, मतदानाचे वय एकवीस होते तेव्हा, मी तिथे पहिले मत दिले. पुढे शिक्षक म्हणून नोकरी करताना दुसऱ्या गावांमधल्या अशाच वर्गांत टेबलाच्या पलीकडे बसून मतदान अधिकारी आणि नंतर केंद्राध्यक्ष म्हणून काम केले. निवृत्तीनंतर आता पुन्हा निव्वळ गिऱ्हाईक आहे. हा अभिप्राय प्रामुख्याने २० नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा मतदानाचा असला, तरी त्याच वर्षी ७ मे रोजी झालेल्या लोकसभेच्या मतदानाशी तुलना टाळता येणार नाही.

सेवा कशी आहे हे सांगण्याआधी ती कोणत्या गावात पुरवली जाते ते सांगावे लागेल. गाव म्हणायला एक आहे. प्रत्यक्षात कुणबीवाडी, भंडारवाडी, बौद्धवाडी, खाडीकडचा मोहल्ला आणि खारव्यांची वस्ती अशा पाच-सहा वाड्या आहेत आणि प्रत्येक वाडीचे पाणी, वाट आणि रुसवे स्वतंत्र आहेत. शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी कोणत्या वाडीत आधी जायची आणि मानाचा नारळ कोणी द्यायचा, या वादापायी एकदा सलग दोन वर्षे पालखी सहाणेवरून हललीच नव्हती. गावकी जेवढी सांभाळते तेवढीच छळतेही. सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य ठरले. २०१६ मध्ये विधिमंडळाने संमत केलेल्या त्या कायद्यात तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे आणि तो करावा लागण्यामागे रायगड-रत्नागिरीतल्या वाळीत टाकण्याच्या प्रकरणांचा वाटा मोठा होता, हे आम्हां कोकणवासीयांना सांगायला नको.

या जुन्या भेगांवर गेल्या काही वर्षांत दोन नव्या भेगा पडल्या. पहिली रिफायनरीची. नाणारची भूसंपादनाची अधिसूचना २०१९ मध्ये रद्द झाली आणि प्रकल्प बारसूच्या सड्याकडे वळला. तिथे २०२३ च्या एप्रिलमध्ये माती परीक्षण सुरू झाले, तेव्हा तापलेल्या कातळावर बाया आडव्या पडल्या आणि अश्रुधुराची नळकांडी फुटली. त्याआधी दोन महिने, त्या प्रकल्पाविषयी सातत्याने लिहिणारे पत्रकार शशिकांत वारिशे राजापुरात मोटारीच्या धडकेत जखमी होऊन मरण पावले आणि त्या प्रकरणी खुनाचा गुन्हा नोंदवला गेला. आमचे गाव प्रकल्पाच्या हद्दीत नाही. तरीही इथल्या तरुणांपैकी निम्म्यांना नोकरीसाठी तो हवा होता आणि आंबा-काजूच्या कलमवाल्यांना व मासेमारांना तो नको होता. एकाच घरातले बाप-लेक त्यावरून वेगळ्या पंक्तीत बसू लागले. दुसरी भेग शिवसेनेची. २०२२ च्या जूनमध्ये पक्ष फुटला, ऑक्टोबरमध्ये धनुष्यबाण गोठवले गेले आणि २०२३ च्या फेब्रुवारीत नाव व चिन्ह शिंदे यांच्याकडे गेले. ठाकरे यांच्याकडे मशाल राहिली. मुंबईत हा कागदोपत्री निकाल होता. आमच्याकडे शाखेच्या एका फलकाचे दोन फलक झाले आणि पंचवीस वर्षे एकाच टेम्पोतून मेळाव्याला जाणाऱ्या माणसांनी एकमेकांच्या घरच्या बारशाला जाणे सोडले.

अशा गावातले दोन्ही बाजूंचे लोक, दंगा न करता, एकाच खोलीत सलग अकरा-बारा तास बसतात असा वर्षातला दुसरा दिवस मला माहीत नाही. ही सेवा जर कशासाठी वाखाणायची असेल तर ती यासाठी, आणि हे घडते ते कोणाच्या सद्भावनेमुळे नव्हे. ही सेवा आखणाऱ्यांनी कोणीही कोणावर विश्वास ठेवावा अशी अपेक्षाच केलेली नाही.

पहाटेच्या मॉक पोलचे उदाहरण घ्या. मतदान सात वाजता सुरू होते, पण त्याच्या दीड तास आधी, साडेपाचला, उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर यंत्रावर किमान पन्नास मते टाकून दाखवावी लागतात. त्या मतांची बेरीज यंत्रावर पाहायची, व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे दिलेले मत चिठ्ठीवर छापून दाखवणाऱ्या यंत्राच्या, पेटीत पडलेल्या चिठ्ठ्या मोजायच्या, दोन्ही जुळतात हे सर्वांनी पाहायचे, मग यंत्र कोरे करायचे. त्या चिठ्ठ्यांच्या पाठीमागे शिक्का मारून त्या काळ्या पाकिटात सीलबंद करायच्या, म्हणजे चुकून खऱ्या मतांत मिसळायला नकोत. माझ्या वेळी व्हीव्हीपॅट नव्हते, त्यामुळे हा भाग मी केंद्राध्यक्ष म्हणून कधी केला नाही. माझा सख्खा पुतण्या मशालीचा प्रतिनिधी म्हणून बसला होता आणि धनुष्यबाणाचा प्रतिनिधी आमच्याच भावकीतला, चुलत घरातला. दोन वर्षे या दोघांचे बोलणे बंद होते. पुतण्या सांगत होता की पन्नास मते टाकताना कोणी कोणते बटण किती वेळा दाबले याची नोंद दोघांनी आपापल्या कागदावर घेतली आणि शेवटी ताळा करण्यासाठी पहिल्यांदा एकमेकांना विचारावे लागले, "तुझे किती?" दोन वर्षांनंतरचे पहिले दोन शब्द सरकारी कामकाजात बोलले गेले. मला त्यात काही वावगे वाटत नाही.

मॉक पोलनंतर, मतदान सुरू होण्याआधी, यंत्र सीलबंद करताना लावायच्या हिरव्या कागदी सीलवर या प्रतिनिधींच्या सह्या होतात. सायंकाळी किती मते पडली याचा नमुना १७ क भरला जातो आणि त्याची प्रत उपस्थित प्रतिनिधींना मिळते. मतमोजणीच्या दिवशी यंत्रावरचा आकडा त्या कागदाशी जुळवायचा असतो. लोक यंत्राबद्दल घोळक्यात पुष्कळ बोलतात. विधानसभेच्या प्रत्येक मतदारसंघातील, चिठ्ठी टाकून निवडलेल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजाव्यात असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा आदेश आहे आणि सर्वच चिठ्ठ्या मोजण्याची मागणी त्याच न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी फेटाळली. पाच केंद्रे पुरेशी की अपुरी यावर दोन मते असू शकतात. माझ्या अनुभवात मात्र यंत्रावर सर्वाधिक तावातावाने बोलणारा पक्षाचा कार्यकर्ता हा बहुधा पहाटे साडेपाचला झोपलेला असतो. अनेक केंद्रांवर लहान पक्षांचे आणि अपक्षांचे प्रतिनिधी नऊ वाजेपर्यंत येत नाहीत आणि नमुना १७ क ची प्रत घ्यायला सायंकाळी थांबत नाहीत. सेवेतील सर्वांत भक्कम कुलपाची किल्ली फुकट मिळत असताना ती न उचलणे हा गिऱ्हाइकाचा दोष आहे.

आता माझा स्वतःचा अनुभव. मी साडेसातला पोहोचलो तेव्हा चिऱ्याच्या गडग्यालगत पस्तीस-चाळीस माणसांची रांग होती. नोव्हेंबरची सकाळ असल्याने गवतावर दव होते आणि भातकापणी उरकल्यामुळे कोणाला घाई नव्हती. मे महिन्यात याच अंगणात माणसे पत्र्याच्या सावलीचा एकेक हात वाटून घेत होती. ऐन हापूसच्या हंगामात, सकाळची आंबाकाढणी टाकून आलेल्या बागायतदारांची चुळबुळ तर पाहवत नव्हती. पुढे उभ्या असलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने, जो आता दोन बोटींचा मालक आहे, मागे वळून म्हटले, "गुरुजी, तुमी कशाला रांगेत? फुडं व्हा." मी नको म्हटले. शाळेत मी ज्याला रांगेत उभे राहायला शिकवले त्याने मला रांग मोडायला सांगावे, एवढा काळ मी अजून जगायचा आहे. माझ्या मागे बौद्धवाडीतले एक गृहस्थ होते, त्यांच्या मागे जुन्या खोतांच्या घरातली सून. ज्या जिल्ह्यातल्या आंबडव्याशी डॉ. आंबेडकरांचे घराणे जोडलेले आहे आणि ज्या जिल्ह्यातली खोती नष्ट करण्यासाठी त्यांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात विधेयक मांडले, त्या जिल्ह्यात या क्रमाने लागलेली रांग मला दर वेळी क्षणभर थांबून पाहावीशी वाटते. रांग संपली की प्रत्येक जण आपापल्या वाडीच्या वाटेला लागतो, हेही तितकेच खरे.

आत पहिल्या मतदान अधिकाऱ्याने नाव मोठ्याने वाचले. हे मोठ्याने वाचणे शिष्टाचार म्हणून नसते. प्रतिनिधींना ऐकू जावे आणि माणूस तोतया वाटल्यास त्यांना हरकत घेता यावी, यासाठी असते. हरकतीची फी दोन रुपये आहे. नव्वदच्या दशकात मी केंद्राध्यक्ष असताना एका प्रतिनिधीने खिशातून दोन रुपयांचे नाणे काढून टेबलावर आपटले आणि समोरची बाई ही यादीतली बाई नव्हेच असा दावा केला. बाई माहेरच्या नावाने यादीत होती आणि लग्नानंतरही नाव बदललेले नव्हते. गावच्या पोलीस पाटलांनी ओळख पटवली, बाईने मत दिले आणि नाणे मी पावती फाडून सरकारजमा केले. ती बाई बाहेर पडताना त्या प्रतिनिधीला जे बोलली ते लिहिण्याजोगे नाही. पण तिची ओळख भर खोलीत, सर्वांदेखत, दोन रुपयांच्या पावतीवर सिद्ध झाली आणि त्यानंतर तिच्या मतावर कोणी बोट ठेवू शकले नाही.

दुसऱ्या टेबलावर शाई. ही शाई १९६२ पासून म्हैसूरच्या सरकारी रंग कारखान्यातून येते आणि तिच्यातल्या सिल्व्हर नायट्रेटमुळे ती काही आठवडे जात नाही. आमच्या गावात काजू फोडणाऱ्या बायकांची बोटे टरफलातल्या तेलाने आधीच काळी झालेली असतात. नोव्हेंबरात अशा तिघी माझ्या पुढे होत्या. शाई लावणारी मुलगी, बहुधा नव्याने नोकरीला लागलेली, पहिल्या बाईचे बोट धरून गोंधळली, कारण त्या काळ्या कातडीवर जांभळा ठिपका दिसतच नव्हता. मग तिने फडक्याने बोट खसखसून पुसले, नखाच्या मुळाशी ब्रश टेकवला, बोट खिडकीच्या उजेडात धरून नीट पाहिले आणि मगच सोडले. तिन्ही बायकांची बोटे तिने तशीच पुसली, घाई केली नाही, नाकही मुरडले नाही. या सेवेतील कर्मचारीवर्गाला मी गुण द्यायचे ठरवले तर ते त्या फडक्याला देईन.

तक्रार मात्र पुढच्या पायरीवर आहे. मत नोंदवण्याचा पुठ्ठ्याचा आडोसा नोव्हेंबरात खिडकीलगत ठेवलेला होता आणि खिडकीचे एक दार बिजागरीतून निसटलेले होते. पडवीत उभ्या असलेल्या उंच माणसाला आत हात कोणत्या बाजूला जातो ते दिसावे, अशी ती मांडणी होती. मी केंद्राध्यक्षांच्या कानावर घातले. त्यांनी वाद घातला नाही, प्रतिनिधींना सांगून आडोसा भिंतीच्या बाजूला सरकवला आणि खिडकीला जुना नकाशा लावून टाकला. दुरुस्ती पाच मिनिटांत झाली, ही जमेची बाजू. पण माझ्या आधी त्या आडोशात शंभरावर माणसे जाऊन आली होती आणि त्यांच्यापैकी एकालाही हे खटकले नव्हते किंवा बोलावेसे वाटले नव्हते. आपले मत लपवण्यासारखे आहे, ते लपवणे हा आपला हक्क आहे, ही जाणीव गावात कमी आहे. उलट बाहेर येऊन "दिलं तुमालाच" असे दोन्ही बाजूंना सांगण्याची कला मात्र पुष्कळांना साधली आहे आणि मी तिला दोष देत नाही. आडोसा पुठ्ठ्याचा असला की माणसे जिभेचा आडोसा करतात.

गुप्ततेचा एक सुंदर नमुना मला घरात पाहायला मिळाला. पंच्याऐंशी वर्षांवरील मतदारांना नमुना १२ ड भरून घरूनच मत देता येते. आमच्या काकींनी ते केले. मतदानाच्या काही दिवस आधी दोन अधिकारी, एक पोलीस आणि चित्रीकरण करणारा मुलगा असा लवाजमा पायवाटेने चढून आला. घरातली सून, दोन नातू आणि शेजारीण, सारी काकींना "मदत" करायला माजघरात जमली होती. अधिकाऱ्याने अतिशय मऊ आवाजात सर्वांना अंगणात जायला सांगितले. नातवाने "तिला दिसत नाही हो नीट" म्हटले, त्यावर काकी आतून कडाडल्या, "मेल्या, तुझे गुण दिसतात ते दिसतात ना!" पुठ्ठ्याच्या छोट्या आडोशाआड त्यांनी कागदावर खूण केली, पाकीट स्वतः चिकटवले. कोणाला दिले ते आजतागायत घरात कोणालाही कळलेले नाही आणि त्यावरून सुनेचा जीव अजून टांगणीला आहे. आयुष्यभर घराच्या मतानुसार चाललेल्या बाईला या वयात मिळालेला तो दहा मिनिटांचा एकांत, माझ्या मते, या सेवेच्या यादीतली सर्वांत मोलाची वस्तू आहे.

इथवर वाचून सेवा उत्तम आहे असा समज झाला असेल तर तो शंभर मीटरच्या पांढऱ्या रेषेपुरता खरा आहे. रेषेच्या आत प्रचाराला बंदी आहे आणि आत सगळे ठाकठीक चालते. ढिलाई आहे ती आत येण्याआधीच्या यादीत आणि बाहेर पडल्यानंतरच्या मोजणीत.

आधी यादी. मे महिन्यात माझ्या चुलत भावाचे नाव यादीत नव्हते. तो नोकरीनिमित्त तीस वर्षे मुंबईत होता, पण निवृत्त होऊन चार वर्षांपूर्वी गावी परतला होता आणि यादीत पुन्हा आला होता. कोणीतरी नमुना ७ भरून तो "स्थलांतरित" असल्याची हरकत घेतली, पडताळणीची नोटीस त्याच्यापर्यंत पोहोचली नाही आणि नाव गळाले. एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात तो तीन वेळा गेला. प्रत्येक ठिकाणी सौजन्य होते, उत्तर नव्हते. पुन्हा नमुना ६ भरून नोव्हेंबरात त्याने मत दिले, पण लोकसभेचे मत गेले ते गेलेच. ज्याचे नाव यादीत नाही त्याला ओळखपत्र हातात असूनही मत देता येत नाही. नाव एकाचे आणि मत आधीच दुसऱ्याने देऊन टाकलेले असेल तर प्रदत्त मतपत्रिकेची सोय तरी आहे, पण गळालेल्या नावाला खोलीत कोणतीच सोय नाही. हरकत कोणी घेतली असावी याचा अंदाज गावात सर्वांना आहे. त्यामुळे झाले असे की दुसऱ्या बाजूनेही यादीच्या पुढच्या उजळणीत तसेच नमुने भरले.

आणि इथे आपल्या सर्वांची एक अडचण आहे, जी गावात उघडपणे बोलली जात नाही. चाकरमान्यांची नावे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार माणूस जिथला सामान्य रहिवासी असेल तिथेच मतदार होऊ शकतो, केवळ घर मालकीचे आहे म्हणून रहिवासी ठरत नाही, आणि दोन मतदारसंघांत नाव ठेवता येत नाही. आमच्याकडे घर मालकीचे असते, देव गावचा असतो, गणपतीला आणि शिमग्याला माणूस हटकून येतो, आणि वर्षातले तीनशे दिवस तो विरार-दिवा-घाटकोपरला असतो. तो रहिवासी कुठला? कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे, गावाच्या मनाचे उत्तर तितकेच स्पष्ट आणि उलटे आहे. मतदानाच्या आदल्या रात्री मुंबईहून येणाऱ्या गाड्या सर्व बाजूंच्या असतात. आपल्या बाजूची गाडी आली की "माणसे गावाला विसरली नाहीत" आणि समोरच्याची आली की "बोगस मतदान" असे आम्ही म्हणतो. मी स्वतः हे दोन्ही म्हटलेले आहे.

मग मोजणी. यंत्रे केंद्रनिहाय मोजली जातात आणि कोणत्या केंद्रावर कोणाला किती मते पडली याचा तक्ता निकालानंतर सर्वांना उपलब्ध असतो. शहरात हजार-बाराशे मतदारांचे केंद्र म्हणजे तोंडओळख नसलेला जमाव. आमच्या केंद्रावर सातशेच्या आतबाहेर नावे आहेत, ती दोन-तीन वाड्यांची आहेत आणि वाडी म्हणजे भावकी. तक्ता हाती आला की अर्ध्या तासात पारावर हिशेब मांडला जातो. अमुक वाडीने आपल्याला टाकले. पूर्वी कागदी मतपत्रिका असताना वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची तरतूद होती. यंत्रांसाठी तसाच टोटलायझर वापरावा, म्हणजे अनेक केंद्रांची एकत्र बेरीज कळेल आणि एकेका केंद्राचा कल झाकला जाईल, असा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ मध्ये मांडला आणि विधी आयोगाने २०१५ च्या अहवालात त्याची शिफारस केली. तो अमलात आलेला नाही. पक्षांना केंद्रनिहाय आकडे हवे असतात, कारण पुढच्या वेळी कुठे राबायचे ते कळते, आणि हे कारण अगदीच गैर नाही. पण आमच्या गावात एका वाडीकडे जाणारे डांबर जिथे थांबते तिथून पुढे लाल माती का आहे, हे विचारले तर लहान मूलही निवडणुकीचे वर्ष सांगते. खोलीत पुठ्ठ्याने, सीलने, कायद्याने आणि केंद्राध्यक्षांच्या शपथेने जपलेली गुप्तता तक्त्याच्या एका ओळीत संपते. आत एकेकट्या माणसाचे मत गुप्त राहते, वाडीचे राहत नाही, आणि आमच्याकडे शिक्षा वाडीलाच होते.

आणखी एक गैरसोय नोंदवणे भाग आहे: ही सेवा मधली शाखा बंद ठेवून चालवली गेली. आमच्या जिल्हा परिषदेची आणि पंचायत समितीची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली, ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात अडकला आणि तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांचा कारभार चालला. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाला चार महिन्यांत निवडणुका घेण्यास सांगावे लागले. पाणी, शाळा, साकव, आरोग्य केंद्र ही ज्यांच्याकडे न्यायची कामे, ते सदस्यच नव्हते. आमदार आणि खासदार होते. त्यामुळे साकवाचे लाकूड कुजले तरी त्याचे भांडण थेट धनुष्यबाण आणि मशालीचे होऊ लागले. आश्चर्य एवढेच की त्या तीन वर्षांत गावातून एकही अर्ज, एकही मोर्चा या बंद शाखेसाठी निघाला नाही. इथल्याच तेव्हाच्या राजापूर लोकसभा मतदारसंघाने बॅरिस्टर नाथ पै यांना १९५७ पासून सलग तीनदा आणि त्यांच्यानंतर मधू दंडवते यांना पाच वेळा निवडून दिले. आणीबाणीत दंडवते तुरुंगात होते आणि १९७७ मध्ये निवडणूक घेतली जाताच त्यांना पुन्हा निवडून देण्यासाठी माझे वडील, मते मागायला कोणी आले नसताना, साडेतीन कोस चालत गेले होते. तेव्हा माझे मत देण्याचे वय झाले नव्हते, मी सोबत म्हणून गेलो होतो. परत येताना वडील एकदाही बसले नाहीत एवढे आठवते.

केंद्राच्या भौतिक सोयींबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. उतरंडीवर दोन फळ्या टाकून केलेला रॅम्प पावसाळा नसल्याने निभावला. पिण्याचे पाणी होते. स्वच्छतागृहाला कुलूप होते आणि किल्ली ज्यांच्याकडे होती ते मत देऊन शेतावर गेले होते. सायंकाळी सहाला रांगेत उरलेल्यांना शेवटच्या माणसापासून सुरुवात करून क्रमांकाच्या चिठ्ठ्या वाटल्या गेल्या, म्हणजे मागून कोणी घुसू नये. नियम जुना आहे आणि अजून काटेकोर पाळला जातो. दुपारी त्या दोन्ही प्रतिनिधींच्या घरून डबे आले. एकात भाकरी आणि सुका जवळा होता, दुसऱ्यात नुसता भात आणि कुळथाची पिठी, कारण त्या घरी त्या दिवशी उपास सुटायचा होता. बाकावर मध्ये जागा सोडून दोघे जेवले. जवळ्याची वाटी मधल्या जागेत ठेवली गेली ती कोणी ठेवली याबद्दल दोघेही वेगवेगळे सांगतात.

त्या निवडणुकीत आमच्या मतदारसंघात धनुष्यबाणाचे किरण सामंत निवडून आले आणि मशालीचे राजन साळवी पडले. २०२५ च्या फेब्रुवारीत साळवी शिंदे यांच्या पक्षात गेले. तो त्यांचा अधिकार आहे आणि त्यांची कारणे त्यांना ठाऊक. ज्या दिवशी ती बातमी आली त्या दिवशी मी डाव्या हाताची तर्जनी पाहिली. शाईचा डाग वाढत्या नखाबरोबर पुढे सरकत टोकाशी आला होता, पुढच्या वेळी नखे कापली की जाणार होता. माझा पुतण्या संध्याकाळी घरी आला, पायरीवर बसला आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारले, "काका, आता मी त्याच्याशी बोलायचं का?" मी म्हटले, जवळा त्याच्या घरचा होता ना, मग बोल. तो म्हणाला, जवळा आपल्या घरचा होता.